न घडलेल्या गोष्टीचा कर्ता

कोलकात्याच्या दक्षिणेस, हुगळीच्या पूर्वतीरावर बजबज नावाचे गाव आहे. तागाच्या गिरण्या आणि तेलाच्या टाक्या ही त्याची अलीकडची ओळख. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र ते येते एका किल्ल्याच्या निमित्ताने. डिसेंबर १७५६ च्या अखेरीस क्लाइव्ह आणि ॲडमिरल वॉटसन कलकत्ता परत घेण्यासाठी नदीतून वर चालले असता वाटेत नवाबाचा हा किल्ला आडवा आला. दिवसभर तोफा चालल्या. दुसऱ्या दिवशीच्या हल्ल्याची तयारी रात्री चालू असताना स्ट्रेहन नावाचा एक खलाशी दारूच्या नशेत एकटाच तटाच्या खिंडारातून आत शिरला आणि किल्ला आपण घेतल्याची आरोळी ठोकू लागला. त्याच्या मागोमाग इतर धावले आणि किल्ला पडला. शिस्तभंगाबद्दल वॉटसनने खडसावले तेव्हा, पुन्हा म्हणून आपण एकट्याने किल्ला घेणार नाही, असे तो पुटपुटला म्हणतात.

या गोष्टीला अडीचशेहून अधिक वर्षे लोटली. स्ट्रेहनचे नाव टिकून आहे. त्याच तटावर दिवसभर तोफांना तोंड देत ज्यांनी किल्ला राखला, त्या शिपायांपैकी एकाचेही नाव या कथेत येत नाही. किल्ला जोपर्यंत पडला नव्हता तोपर्यंत सांगण्याजोगे काही घडलेच नव्हते, आणि पडल्यावर सांगण्याजोगे जे होते ते घेणाऱ्याचे होते. राखणाऱ्याच्या वाट्याला फक्त एक प्रश्न उरला : तुम्ही त्या वेळी कुठे होता?

हाच प्रश्न फुटबॉलच्या मैदानावर बचावपटूला आयुष्यभर विचारला जातो. बंगालमधील फुटबॉलची थोरवी पुष्कळ गायिली गेली आहे. तिच्यात गोल करणाऱ्यांच्या नावांची माळ मोठी आहे. परंतु बचावपटूची कारकीर्द हा नीतिविचाराच्या दृष्टीने त्याहून अवघड विषय आहे. जे घडू दिले नाही, त्याचे श्रेय कोणाचे? आणि ते श्रेय कोणाच्याही नावे मांडता येत नसेल, तर ते काम चांगले करण्याचे कारण काय?

फुटबॉलचा हिशेब मुळातच एकतर्फी आहे. फलकावर गोल चढतात. वाचलेले गोल चढत नाहीत. आपल्याकडच्या मातीतल्या खेळांनी या बाबतीत अधिक न्यायबुद्धी दाखवली आहे. कबड्डीत चढाई करणाऱ्याला जसा गुण मिळतो तसा पकड करणाऱ्यालाही मिळतो. खो-खोमध्ये तर पळणारा किती वेळ बाद झाला नाही, हीच त्याची कमाई. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याच्या नावापुढे मिनिटे आणि सेकंद मोजून ‘संरक्षण’ म्हणून छापले जातात. कुस्तीत डाव जाणणाऱ्याइतकाच त्याची तोड जाणणारा मल्ल जाणकारांच्या तोंडी असतो. कोल्हापुरात तालमींच्या मंडळांनी फुटबॉलचे संघ उभे केले आणि पेठापेठांतून तो खेळ मुरवला. परंतु तोडीची ती कदर खेळाबरोबर पुरती आली असे म्हणवत नाही. शाहू स्टेडियममध्येही टाळी पडते ती जाळे हलले की.

याचा दोष प्रेक्षकाला द्यावा असेही नाही. न घडलेली गोष्ट दिसत नाही, ही अडचण खरीच आहे. आपल्या दर्शनकारांना ती फार पूर्वी जाणवली होती. वैशेषिकांच्या परंपरेत पुढे अभाव हा स्वतंत्र सातवा पदार्थ मानला गेला, आणि भाट्ट मीमांसकांनी तो जाणण्यासाठी अनुपलब्धी हे निराळे प्रमाण स्वीकारले. जमिनीवर घट नाही, हेही एक ज्ञानच आहे आणि त्यालाही विषय हवा, असा तो आग्रह. अभावाच्या त्यांनी केलेल्या प्रकारांत एक आहे प्रागभाव : वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचे तिचे नसणे. या अभावाला आरंभ नसतो, पण अंत असतो; वस्तू जन्मली की तो संपतो. बचावपटूचे काम यापेक्षा नेमक्या शब्दांत सांगणे कठीण आहे. शून्य-शून्य अशा फलकाखाली गोलाचा प्रागभाव चालू असतो, आणि पंचाची शेवटची शिटी होईपर्यंत त्याचा अंत होऊ न देणे, एवढ्यासाठीच हा मनुष्य नव्वद मिनिटे उभा असतो. तो काही निर्माण करत नाही. जे अनादी काळापासून चालत आले आहे ते आणखी थोडा वेळ चालू ठेवतो.

पण ते त्याच्यामुळे चालू राहिले, हे कशावरून? येथे एक जुना प्रसंग मराठी वाचकाला मौजेचा वाटेल. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी बंगाल हादरला, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी आपल्या वस्तीभोवती एक लांबलचक खंदक खणायला घेतला. ‘मराठा डिच’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. सुमारे सात मैलांचा बेत होता. तीनेक मैल खणून झाले आणि काम थांबले, कारण मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. ते खंदकामुळे आले नाहीत की त्यांना यायचेच नव्हते? अर्धवट खंदक कोणालाही अडवू शकला नसता, हे उघड आहे. तरी खणणाऱ्यांपैकी काहींना आपले श्रम सार्थकी लागले असे वाटले असेल, आणि पैसे देणाऱ्यांना ते वाया गेले असे. दोघांनाही खोटे ठरवता येत नाही. पुढे तो बुजवून त्यावर रस्ता झाला.

बचावपटू असे खंदक दर मिनिटाला खणत असतो. आघाडीच्या खेळाडूकडे चेंडू येण्याआधी तो चार पावले डावीकडे सरकतो. चेंडू टाकणाऱ्याला ती वाट बंद दिसते आणि तो दुसरीकडे टाकतो. या चार पावलांमुळे गोल वाचला काय? स्वतः बचावपटूलाही ते ठाऊक नसते. घसरून, धूळ उडवून केलेले टॅकल लोकांना दिसते आणि त्याला दादही मिळते. परंतु जाणकार प्रशिक्षक सांगतील की घसरण्याची पाळी आली ती बहुधा आधीची चार पावले चुकली म्हणून. म्हणजे या कलेत अव्वल दर्जाचे काम सर्वांत कमी दिसते, आणि त्याहून खालच्या दर्जाचे डोळ्यांत भरते. अलीकडे संगणकाच्या साहाय्याने टॅकल, अडवलेले पास, हवेतले जिंकलेले चेंडू हे सारे मोजले जाते. पण मोजले जाते ते पुन्हा घडलेलेच. १९५६ पासून दिल्या जाणाऱ्या ‘बॅलन डी’ऑर’ या मानाच्या पुरस्काराची यादी पाहिली तर तीत बेकेनबाउअर, झामर आणि कान्नावारो एवढीच बचावातली नावे सापडतात. आणि त्यांतले पहिले दोघे पुढे मुसंडी मारण्यासाठीही तितकेच नावाजलेले होते.

फुटबॉल आणि तत्त्वविचार यांची गाठ घालून देणारा एक योग बजबजच्याच इतिहासात आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये पश्चिमेकडून परतलेल्या स्वामी विवेकानंदांनी मद्रासच्या तरुणांपुढे बोलताना, गीतेच्या अभ्यासापेक्षा फुटबॉलने तुम्ही स्वर्गाच्या अधिक जवळ जाल, अशा आशयाचे उद्गार काढले. त्यानंतर काही दिवसांतच ते मद्रासहून जहाजाने बजबजला उतरले आणि १९ फेब्रुवारीस खास गाडीने सियालदहला गेले. उद्गार धक्का देण्यासाठी होता. आधी अंगात बळ आणा, मग गीता अधिक समजेल, असा त्याचा रोख. तो पुढे इतक्या वेळा उद्धृत झाला की त्यातला विचार झिजून गेला. गीतेचा आणि फुटबॉलचा संबंध केवळ दंडाच्या स्नायूंपुरता आहे काय, हे विचारण्याजोगे आहे.

मराठी मनाला गीता म्हटली की ‘गीतारहस्य’ आठवते. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ फळाची आस सोडून कर्म करण्याचा पुरस्कार करतो. बचावपटू निष्काम कर्मयोगी आहे, असे म्हणण्याचा मोह येथे होईल. तो आवरलेला बरा. निष्काम कर्मात फळ असते. कर्ता त्यावरचा हक्क सोडतो. गोल करणारा खेळाडू श्रेय संघाला देतो तेव्हा तो काही तरी सोडत असतो. बचावपटूजवळ सोडायलाच काही नसते. जे मिळालेच नाही त्याचा त्याग कसला?

त्याची स्थिती मीमांसकांच्या नित्यकर्माशी अधिक जुळते. संध्यावंदनासारखे नित्यकर्म केले तर त्याचे वेगळे असे फळ नाही. न केले तर मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो, असे एक जुने मत आहे. करण्याला बक्षीस नाही, चुकण्याला शिक्षा आहे. यावर शंकराचार्यांनी हरकत घेतली : न करणे म्हणजे अभाव, अभावापासून दोषासारखी भावरूप वस्तू उत्पन्न होईल कशी? तर्क बिनतोड आहे. परंतु तो बचावपटूला मैदानावर सांगून पाहावा. ज्या क्षणी तो जागेवर नव्हता, त्या त्याच्या नसण्यातूनच एक अत्यंत भावरूप गोल उत्पन्न झालेला असतो, आणि हजारो माणसे त्या ‘नसण्या’कडे बोट दाखवत असतात.

इतक्या प्रतिकूल हिशेबाचे काम कोणी आपखुशीने निवडत नाही. गल्लीत खेळणारे प्रत्येक पोर गोल करायलाच धावते. बजबजपासून नैहाटीपर्यंत हुगळीच्या दोन्ही काठांनी गिरण्यांच्या वसाहती पसरल्या. डंडीहून आलेले स्कॉटिश मुकादम आणि व्यवस्थापक इथल्या तागावर पोसले. लष्करी पलटणींप्रमाणे अशा साहेबांबरोबरही हा खेळ गंगाकाठी रुजला. या पट्ट्यातल्या मुलाला मागे उभे करतो तो त्याचा पहिला शिक्षक, आणि कारणे साधीच असतात : उंची बरी आहे, पाय जड आहे, पोरगा घाबरत नाही, सांगितलेले ऐकतो. मग सकाळची लोकल, सियालदह, तिथून मैदान. खालच्या डिव्हिजनचा एखादा संघ. पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल. नशीब असेल तर रेल्वे, बंदर किंवा बँक यांच्या संघातून नोकरी. कारकिर्दीची खरी कमाई पुष्कळांच्या बाबतीत ही नोकरीच असते. खेळ तिशी ओलांडता ओलांडता संपतो, हजेरीपत्रकावरचे नाव साठीपर्यंत राहते. आघाडीच्या खेळाडूचे पाय मंदावले की तो संपतो. बचावपटूला दोन-चार वर्षे अधिक मिळतात, कारण तोवर तो पायांनी कमी आणि डोळ्यांनी अधिक खेळू लागलेला असतो. सुब्रत भट्टाचार्य सतरा वर्षे मोहन बागानच्या बचावात उभे राहिले, ते अशा डोळ्यांच्या बळावर.

त्यांच्याही आधी शैलेन मन्ना. जन्म १९२४, हावडा. १९४२ पासून १९६० पर्यंत ते मोहन बागानकडून खेळले. पोट भरले भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील नोकरीवर. त्यांच्या कारकिर्दीतले तीन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारत फ्रान्सशी खेळला. बहुतेक भारतीय अनवाणी होते. भारत २-१ असा हरला, फ्रान्सचा दुसरा गोल शेवटच्या मिनिटांत झाला, आणि भारताने दोन पेनल्टी वाया घालवल्या. त्यांतली एक मन्नांची. १९५१ मध्ये दिल्लीला पहिले आशियाई खेळ झाले. मन्ना कर्णधार होते. भारताने इंडोनेशियाला ३-०, अफगाणिस्तानला ३-० आणि अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक घेतले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये तेच कर्णधार असताना युगोस्लाव्हियाने भारतावर दहा गोल केले.

आता लोकस्मृती काय करते ते पाहावे. १९४८ ची हुकलेली पेनल्टी आठवते. १९५२ चे दहा गोल आठवतात. बुटांशिवाय खेळण्याचा हट्ट या पराभवानंतर मोडला, म्हणून तर विशेषच. १९५१ म्हटले की मेवालालचा अंतिम सामन्यातला गोल आठवतो. त्या तीन निकालांच्या उजव्या बाजूची तीन शून्ये मात्र कोणी उच्चारत नाही. संपूर्ण स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही, ही गोष्ट सुवर्णपदकाइतकीच खरी असून ती कोणाच्या नावावर नाही. हुकलेली पेनल्टी हे बचावपटूचे मूळ काम नव्हे. तो पुढे गेला म्हणून चुकला. शून्ये हे त्याचे मूळ काम होते.

जर्नैलसिंगांच्या बाबतीत हा विपर्यास टोकाला जातो. आशियातला आपल्या काळचा सर्वश्रेष्ठ बचावपटू म्हणून पुष्कळ जाणकार ज्यांचे नाव घेतात, ते हे. मूळ लायलपूरकडचे, १९४७ च्या फाळणीत उखडलेले, १९५९ पासून मोहन बागानचे. १९६२ च्या जाकार्ता आशियाई खेळांत थायलंडविरुद्ध त्यांचे डोके फुटले आणि टाके पडले. पुढे प्रशिक्षक रहीम यांनी त्यांना मागे न ठेवता चक्क आघाडीला खेळवले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यांनी गोल केला, आणि ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही. भारत २-१ जिंकला. त्यांचे नाव काढले की आजही हीच कथा सांगितली जाते, आणि ती आहेच सांगण्यासारखी. पण श्रेष्ठ बचावपटूची सर्वांत प्रसिद्ध कथा तो बचावात नव्हता तेव्हाची असावी, यात काही तरी कडू आहे. तो पुढे गेला तेव्हा त्याची मागची जागा कोणी भरली? अरुण घोष यांनी. बाजूला चंद्रशेखर होते, मूळचे केरळचे आणि मुंबईच्या कॅलटेक्सकडून खेळणारे. दुसऱ्या बाजूला त्रिलोकसिंग. पी. के. बॅनर्जी आणि जर्नैल यांचे दोन गोल पहिल्या वीसएक मिनिटांतच झाले होते. उरलेला तासाहून अधिक काळ विरोधी प्रेक्षकांच्या गोंगाटात हे लोक काय करत होते, याचे वर्णन फारसे कोणी करत नाही.

बंगालने बचावपटूची कदर केलीच नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. गोष्ठ पाल यांना ‘चीनची भिंत’ म्हटले गेले. अनवाणी पायांनी गोऱ्या पलटणींच्या बुटांपुढे उभा राहणारा हा माणूस दोन दशके लोकांच्या अभिमानाचा विषय होता. १९६२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, मैदानाजवळ त्यांचा पुतळाही आहे. परंतु उपमा कशाची सुचली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आघाडीचा खेळाडू वाघ होतो, वीज होते, जादूगार होतो. बचावपटू भिंत होतो. भिंतीला इच्छा नसते, तिला निर्णय घ्यावा लागत नाही, ती चुकत नाही, फक्त पडते. गौरव करतानाच कर्तेपण काढून घेणारी ही उपमा आहे. भिंत हलत नाही. गोष्ठ पाल यांना मात्र दर वेळी कुठे उभे राहायचे ते ठरवावे लागत होते.

येथपर्यंत बचावपटूची बाजू मांडून झाली. पण अडवणे हे स्वभावतःच सद्गुण आहे, असे समजण्यात मोठा धोका आहे. आणि तो दाखवायलाही बजबजच पुरे. २९ सप्टेंबर १९१४ रोजी ‘कोमागाता मारू’ ही बोट येथे आणली गेली. व्हँकुव्हरच्या दारातून परत पाठवलेले तिच्यावरचे प्रवासी, बहुतेक शीख, यांना सरकार खास गाडीने परस्पर पंजाबात धाडू पाहत होते. ते कलकत्त्याकडे पायी निघाले. त्यांना वळवून परत आणले गेले. स्टेशनाजवळ गोळीबार झाला आणि सुमारे वीस प्रवासी मारले गेले. तेथे स्मारक आहे, १९५२ साली नेहरूंच्या हस्ते उघडलेले. व्हँकुव्हरला ज्यांनी अडवले आणि बजबजला ज्यांनी बंदुका रोखल्या, त्यांच्याही मते ते राखणच करत होते. काही तरी घडू न देण्याचे काम त्यांनीही चोख बजावले. म्हणजे राखणाऱ्याला विचारण्याचा पहिला प्रश्न ‘किती राखलेस’ हा असूच शकत नाही. काय राखलेस, आणि कशाने, हे विचारावे लागते.

(जर्नैलसिंगांचा अंत २००० साली व्हँकुव्हरलाच झाला. तोवर ते दार उघडून बराच काळ लोटला होता.)

फुटबॉलमध्ये ‘काय राखलेस’ या प्रश्नाला उत्तर नाही. दोन खांब आणि एक आडवी दांडी यांच्यामधल्या जागेला स्वतःचे असे काही मोल नाही. अर्धा वेळ झाला की दोन्ही संघ जागा बदलतात आणि काल ज्याच्या विरुद्ध लढले तेच राखू लागतात. त्यामुळे उरतो एकच प्रश्न : कशाने राखलेस? बचावपटूचे सगळे नीतिशास्त्र या एका प्रश्नात सामावले आहे, आणि व्यावसायिक खेळात तो फार टोकदार होतो. आघाडीचा खेळाडू निसटून पुढे गेला आहे, समोर फक्त गोलरक्षक आहे, मागून त्याचा पाय ओढला तर गोल वाचेल आणि लाल कार्ड मिळेल. ‘प्रोफेशनल फाउल’ हे त्याचे नाव. या नावातच एक तत्त्वज्ञान दडले आहे : हौशी माणसाने केले तर ती लबाडी, पगारी माणसाने केले तर कर्तव्य. नियम त्याची किंमत ठरवतो आणि खेळाडू ती मोजतो, मग त्यात अनीती कुठे, असा युक्तिवाद केला जातो. तो दिसतो तितका पोकळ नाही. संघातले दहा जण त्याच्यावर विसंबून असतात, हजारोंचे डोळे लागलेले असतात, पुढच्या हंगामाचा करार त्या एका गोलावर अडलेला असू शकतो. तरीही किंमत मोजली म्हणून कृत्याचे स्वरूप बदलत नाही. दंड भरून घर जाळता येत नाही. मागून ओढलेला पाय हा एका माणसाचा असतो, आणि त्याचीही कारकीर्द त्याच घोट्यावर उभी असते.

कोलकात्याला याचा विसर पडणे शक्य नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना चालू होता. एका बचावपटूने विरुद्ध बाजूच्या विंगरला आडदांडपणे अडवले; विंगरने उलट फटका मारला; पंचाने दोघांनाही बाहेर काढले. मैदानावर एवढेच झाले. गॅलरीत मात्र आग भडकली, चेंगराचेंगरी झाली, सोळा प्रेक्षक मेले. त्या मृत्यूंना एक टॅकल कारण होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. बैठकीची व्यवस्था, दोन बाजूंच्या लोकांची सरमिसळ, अनेक वर्षांची खुन्नस, हे सारे आधीपासून साचलेले होते. पण ठिणगी कशाची होती, तेही लपत नाही. बंगालमध्ये त्या तारखेला आजही रक्तदान होते.

येथे मूळ प्रश्न वेगळ्या रूपात परत येतो. ज्याचे चांगले काम दिसत नाही त्याला दिसण्याची भूक लागते, आणि बचावपटूला दिसण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दांडगाई. चार पावले सरकून वाट बंद करणाऱ्याला कोणी पाहत नाही. समोरच्याला आडवा करणाऱ्याला गॅलरी डोक्यावर घेते. म्हणून अदृश्य राहण्याची तयारी हा या पेशातला केवळ विनय नव्हे, इतरांच्या हाडांची ती सुरक्षितता आहे. ही तयारी येते कोठून, हे सांगणे सोपे नाही. धर्मग्रंथ वाचून ती येत असेल असे वाटत नाही. बहुधा बरोबरच्या तीन-चार जणांमुळे येते. गॅलरीला जे दिसत नाही ते शेजारी उभ्या असलेल्या बॅकला दिसते, गोलरक्षकाला तर पुरते दिसते, कारण सगळा खेळ त्याच्यासमोर असतो. सामना चालू असताना गोलरक्षक मागून ओरडतो, त्यात शिवीच अधिक असते. पण न घडलेल्या गोष्टीचा साक्षीदार असेल तर तो एवढाच.

आणि कधी कधी या सावधपणाचीही फार भयंकर परतफेड होते. १९९४ च्या विश्वचषकात २२ जूनला कोलंबिया अमेरिकेशी खेळत असताना आन्द्रेस एस्कोबार या बचावपटूने बाजूने आलेला चेंडू अडवण्यासाठी अंग झोकून पाय लांबवला आणि चेंडू त्याच्याच जाळ्यात गेला. कोलंबिया हरला. दहा दिवसांनी, २ जुलैला, मेडेलिन शहरात त्याला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. चेंडू अडवला नसता तर मागे विरुद्ध बाजूचा कोणी उभा होता की नव्हता, याची चर्चा पुढे कोणी केली नाही. त्याने केले ते बचावपटूचे नेमके कर्तव्य होते. त्या दिवशी फलकाने त्याला कर्ता मानले ते फक्त या एका कृत्याबद्दल. 

काळाबरोबर पैसा आला, दूरचित्रवाणी आली. शैलेन मन्ना नोकरीवर जगत खेळले. आता बचावपटूचेही करार मोठे असतात आणि गोव्याचा मुलगा कोलकात्यात, कोलकात्याचा गोव्यात खेळतो. महेश गवळी हे नाव आपल्याकडच्या वाचकांना परके वाटू नये. गोव्यातून टाटा फुटबॉल अकादमीत, तेथून निरनिराळे क्लब, ईस्ट बंगालचा लाल-पिवळा पोशाख, पुढे धेम्पोबरोबर लीगची विजेतेपदे आणि भारताच्या बचावफळीतली अनेक वर्षे. ईस्ट बंगालने २००३ च्या जुलैत आसियान क्लब चषक जिंकला त्या संघात ते होते. अंतिम सामना पुन्हा जाकार्तातच झाला. थायलंडचा बेक तेरो सासना संघ ३-१ असा हरला. भाईचुंग भुतियाचा त्यातला गोल पुष्कळांना पाठ आहे.

निवृत्तीनंतर गवळी भारतीय संघांच्या प्रशिक्षकवर्गात काम करू लागले. असे बरेच बचावपटू शिकवण्याकडे वळतात, आणि तेथे त्यांची एक विचित्र कोंडी होते. आघाडीच्या मुलाला चित्रफीत दाखवता येते : इथे वळलास, इथे मारलास, गोल झाला. बचावातल्या मुलाला दाखवायचे काय? चित्रफीत थांबवावी लागते, मुलाला स्वतःलाच शोधायला सांगावे लागते. तो पडद्याच्या कडेला सापडतो, चेंडूपासून तीस पावले दूर, अर्धवट वळलेला. मुलगा म्हणतो, सर, इथे तर मी काहीच केले नाही. मग प्रशिक्षक उठून पडद्याजवळ जातो आणि मुलाच्या उजव्या हाताची, गवताची एक रिकामी पट्टी बोटाने दाखवतो. चेंडू तिकडे आलेला नसतो.